खाट वाजायला नको

पुंजारामअण्णांच्या खाटा खपायच्या त्या कागदावर नव्हे, अण्णांच्या तोंडावर. वाळूजच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते दवाखान्यांसाठी खाटा बनवत. गिऱ्हाईक दारात आलं की अण्णा चपला काढायचे, डोक्यावरची टोपी काढून छातीवर ठेवायचे आणि त्याच्यादेखत नव्या खाटेवर सरळ आडवे व्हायचे. या कुशीवरून त्या कुशीवर वळायचे. "ऐका, वाजती का? आधीच बेजार झालेल्या माणसाच्या कानाशी रातभर कुईकुई कशाला पायजे?" खाट वाजत नसे आणि गिऱ्हाईक हसत हसत ऑर्डर देऊन जाई. कॅटलॉग, प्रोफाइल असली थेरं त्या शेडनं कधी पाहिली नव्हती. बायकोच्या नावाचा 'सरू इंजिनिअरिंग वर्क्स' हा रंग उडालेला बोर्ड, एवढीच काय ती जाहिरात.

दिवाळीनंतर अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि ज्या तोंडावर सगळा धंदा चालायचा ते तोंडच मिटलं. एकच शब्द उरला, "व्हय". पाणी पाहिजे का? व्हय. नको का? व्हय. सुरुवातीला सरूबाई त्यावरून हसायची आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडायची.

शेड आता एकुलत्या एक लेकीच्या, तनुजाच्या गळ्यात आली. तिनं पहिलंच काम केलं ते खोटं बोलायचं. कुणाचाही फोन आला की, "अण्णा खुलताबादला गेलेत, भावकीचं काम निघालंय." पण भावकीचं काम झालं तरी किती दिवस चालणार? गिऱ्हाइकं एकेक करून गळाली. शेडमधला जुना वेल्डर कमरोद्दीनचाचा सकाळी यायचा, यंत्रावरची धूळ पुसायचा आणि संध्याकाळी मान खाली घालून घरी जायचा. त्याच्याकडे बघायचा तनुजाला धीर होत नसे.

अशात बीड बायपासला एक नवं हॉस्पिटल उभं राहतंय असं कळलं. तिथल्या खरेदीच्या रत्नमाला मॅडम फोनवर एवढंच म्हणाल्या, "कंपनी प्रोफाइल पाठवा शुक्रवारपर्यंत. त्याशिवाय नाव पुढं जात नाही." ही ऑर्डर गेली तर शेडला कुलूप लागणार, हे तनुजाला कुणी सांगायची गरज नव्हती.

प्रोफाइल करून घ्यायचं तर कुणाकडून? सरूबाईचं उत्तर तयार होतं. "जावेदभाईकडं जा. तुझ्या बारशापासून आपलं सगळं त्यांनीच छापलंय." मराठवाड्यातल्या माणसाला छपाईचं काम म्हटलं की घरचा प्रेसवाला आठवतो, मग काम कसलं का असेना. जावेदभाईंनी मायेनं रात्रीचा दिवस केला आणि सकाळी नमुना पुढं ठेवला. चारी बाजूंनी सोनेरी कोयऱ्या. वर गणपती. खाली, 'आमचे येथे श्रीकृपेकरून दवाखान्याच्या खाटा उत्तम प्रतीच्या मिळतील.' आणि तळाला 'आपले स्नेहांकित' म्हणून चुलते, मामा, आत्याचे यजमान, सगळे मानानं ओळीत उभे.

"कैसा है, बेटा? मामा लोकां का नाम बी डाल दिया. बाद में कोई रुसना नाय."

तनुजाला हसू आवरेना आणि रडूही. "छान झालंय, जावेदभाई," म्हणून ती बाहेर पडली. हा कागद मॅडमपुढं ठेवला असता तर त्यांनी आहेर कुठं द्यायचा म्हणून विचारलं असतं.

मग तिनं फोनवरून पुण्याचा एक डिझाइनवाला गाठला. त्यानं काही विचारलंच नाही. नाव, पत्ता, फोन घेतला आणि दुपारी प्रोफाइल पाठवून दिलं. काय ते रूप! गुळगुळीत पानं, निळ्या पट्ट्या, रिमोटवर हलणाऱ्या पांढऱ्याशुभ्र खाटा आणि त्यांवर दात दाखवत हसणारे गोरे पेशंट.

"पण या खाटा आमच्या नाहीत."

"मॅडम, फोटो डेमोचे असतात. सगळेच टाकतात. कोण बघतं?"

तनुजा ती पानं पुन्हा पुन्हा वरखाली करत बसली. सगळेच टाकतात. कोण बघतं? बोट कितीतरी वेळा 'पाठवा'वर जाऊन परत आलं. अण्णांचं तोंड गेलं, आता त्यांच्या नावावर हे प्रोफाइल बोलणार होतं आणि तेही खोटं. पण खरं सांगायला तिच्याजवळ होतं काय?

गारखेड्यात अमृता नावाची एक बाई कंपन्यांची कागदपत्रं डिझाइन करून देते, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. शेवटचा उपाय म्हणून ती तिच्या दारात जाऊन उभी राहिली. अमृतानं कॉम्प्युटर उघडलाच नाही. आधी चहा दिला आणि मग विचारलं, "तुमच्या खाटेत असं काय आहे, जे दुसऱ्याच्या खाटेत नाही?"

"ती वाजत नाय."

"हे कशावरून?"

आणि तनुजाचा बांध फुटला. चपला, टोपी, कुशी, झटका, खुलताबाद, सगळं तिनं ओकून टाकलं. अमृतानं सगळं ऐकून घेतलं. "ताई, दुसऱ्याच्या खाटांचे फोटो मी लावत नसते," ती शेवटी म्हणाली. "अण्णा आत्ता कशावर झोपतात?"

"आमच्याच खाटेवर. त्यांनीच बनवलेली हाय."

"मग तोच फोटो पाहिजे."

तनुजा ताडकन उठली. "माझ्या बापाचा तमाशा करायचा नाय मला. आणि एकदा का लोकांना कळलं की अण्णा असे झालेत, मग कोण दारात येईल?"

"आत्ता कोण येतंय?" अमृतानं विचारलं.

संध्याकाळ व्हायच्या आत ती अमृताला घरी घेऊन आली.

अण्णा खिडकीशी खाटेवर पडले होते. तनुजा त्यांच्या उशाशी बसली. "अण्णा, तुमचा फोटो काढायचाय. कंपनीच्या प्रोफाइलला. काढू ना?"

"व्हय."

तिनं उलटं विचारून बघितलं. "का नको काढू?"

"व्हय."

अख्ख्या जन्मात तिनं बापाला न विचारता काही केलं नव्हतं, आणि आता विचारूनही काही उपयोग नव्हता. तिला वाटलं, पुढं होऊन त्यांना गदागदा हलवावं, म्हणावं, अण्णा, एकदाच नीट सांगा, मी कशी जगवू तुमची शेड?

फोटो बरा यावा म्हणून सरूबाईनं खुंटीवरची टोपी काढली, झटकली आणि त्यांच्या डोक्यावर नीट बसवली. अमृतानं कॅमेरा डोळ्याला लावला. तेवढ्यात अण्णांचा डावा हात हलला. हळूहळू डोक्यापर्यंत गेला. टोपी निसटली, उशीवर पडली. सरूबाई पुढं धावली तशी त्यांनी मानेनंच तिला थोपवलं. बोटांनी चाचपून टोपी धरली, ओढत ओढत आणली आणि छातीवर ठेवली. मग कॅमेऱ्याकडे बघून, होती नव्हती ती ताकद लावून, अण्णा कुशीवर वळले.

खाट वाजली नाही.

सरूबाईनं पदर तोंडात धरला. तनुजा मात्र कसला आडपडदा न ठेवता ओक्साबोक्शी रडली, इतक्या महिन्यांचं सगळं.

प्रोफाइल झालं ते साधंच. शेड, कमरोद्दीनचाचा, त्याच्या हातचे वेल्डिंगचे सांधे, पाच-सहा खाटा. शेवटचं पान भरून अण्णा आणि खाली एकच ओळ, 'आमची प्रत्येक खाट आम्ही आधी स्वतः झोपून बघतो.' तनुजानं ते पाठवलं. आता सगळ्यांना कळणार होतं. पुढच्याच आठवड्यात निरोप आला, एक खाट घेऊन या.

हॉस्पिटलच्या हॉलमध्ये निरनिराळ्या कंपन्यांच्या खाटा मांडल्या होत्या, रिमोटवाल्यासुद्धा, आणि प्रत्येकीजवळ त्या त्या कंपनीची माणसं उभी होती. चाचानं आपली खाट टोकाला लावली. रत्नमाला मॅडम दोन डॉक्टरांना घेऊन तिथवर आल्या, हातात प्रोफाइलचं शेवटचं पान.

"हे आले नाहीत का?"

खुलताबाद जिभेवर आलं होतं. तनुजानं ते गिळलं. "नाय मॅडम. ते आता येऊ शकत नाहीत."

"मग 'स्वतः झोपून बघतो' ही ओळ खोडावी लागेल तुम्हाला," मॅडम म्हणाल्या. त्यात कुचेष्टा नव्हती, त्या फक्त खरं ते बोलत होत्या, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

तनुजानं चाचाकडे बघितलं. चाचा जमिनीकडे बघत होता. मग तिनं चपला काढल्या. एवढ्या परक्या पुरुषांसमोर बाईमाणसानं आडवं व्हायचं; कान तापले. मॅडमच्या हातातलं ते पान तिनं हळूच मागून घेतलं, खाटेवर चढली, पान छातीवर ठेवलं आणि डोळे मिटून या कुशीवरून त्या कुशीवर वळली. हॉलमध्ये खाटेचा आवाज झाला नाही.

"शेड कोण बघतं सध्या?" वरून मॅडमचा आवाज आला.

"मी बघते," ती पडल्या पडल्या म्हणाली.

मॅडमनी डॉक्टरांकडे बघितलं, त्यांनी होकाराची मान हलवली, तसं मॅडमनी पान परत घेतलं आणि पेनचं टोपण काढलं. "मग फोटोखाली तुमचं नाव लिहायचं राहिलंय. पूर्ण नाव सांगा."

"तनुजा पुंजाराम," ती म्हणाली. पुढचं आडनाव काही तिच्या तोंडून फुटेना, ते मग कमरोद्दीनचाचानं सांगितलं.