तांबू शांत झाला

डोरोथीने घोडीच्या दाव्याचा कुंपणाच्या वरच्या फळीला एक वळसा दिला, टोक हातात धरलं आणि म्हणाली,

"आण त्याला. सावकाश आण. हिचा वास आला की उसळेल तो."

श्रीरंगने तबेल्याचं दार सरकवलं. बायकोच्या, शुभाच्या, वहीतलं पान त्याने सकाळपासून तीनदा वाचलं होतं. खांद्याशी उभं राहायचं, मागे कधीच नाही. साखळी नाकावरून घ्यायची. घोडी दिसली की तो ओढेल, तेव्हा जोर करायचा नाही, त्याला गोल फिरवायचं. हातात चामड्याचे मोजे होते. एकोणसाठ वर्षांचा माणूस. तीस वर्षं त्याने ऑफिसात डेटाबेस सांभाळले होते. घोडा घोडीपुढे नेण्याची त्याची ही पहिलीच वेळ.

तांबू बाहेर आला. एप्रिलचं ऊन त्याच्या तांबूस पाठीवर पडलं. घोडीने मान वळवून पाहिलं आणि शेपटी बाजूला घेतली. तांबूने कुंपणावरून तिचं नाक हुंगलं, एकदा फुरफुरला आणि मान खाली घालून गवत खाऊ लागला.

दोघंही वाट बघत राहिली. तांबू गवत खात राहिला.

"लाजतोय," श्रीरंग म्हणाला.

डोरोथी हसली नाही. ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती आणि त्यातली साठ वर्षं घोड्यांत गेलेली. तिने दावं बांधलं, गुडघ्यावर हात ठेवून वाकली आणि कुंपणाच्या फळ्यांमधून तांबूच्या पोटाखाली नीट पाहिलं. मग उठून कंबरेवर हात ठेवले.

"श्री, याला खच्ची केलंय."

"काय?"

"खच्ची केलंय. जखम पार भरून आलीय, म्हणजे बरेच महिने झाले असणार. तुला माहीत नव्हतं?"

श्रीरंगने खाली वाकून पाहिलं नाही. त्याने साखळीकडे पाहिलं, मग हातमोज्यांकडे. साखळी सैल लोंबत होती. घोडा ओढत नव्हता. डिसेंबरपासून त्याने एकदाही ओढलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला.

"शुभाने मला शब्द दिला होता," डोरोथी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "इथेच, याच फळीवर हात ठेवून."

ते खरं होतं. गेल्या मे महिन्यात डोरोथीच्या घोडीला तांबूचं शिंगरू झालं, ते मेलेलंच. अशा वेळी घोड्याच्या मालकाने पुढच्या मोसमात काही न घेता घोडी पुन्हा फळवून द्यायची, ही इथली जुनी रीत. शुभा त्या दिवशी डोरोथीबरोबर दुपारभर बसली होती आणि निघताना म्हणाली होती, पुढच्या एप्रिलला आण, मी आहे. आता घोडी अठरा वर्षांची झाली होती. यानंतर तिला पोटुशी राहू देऊ नका, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. हा तिचा शेवटचा मोसम.

"कोणी केलं, कधी केलं, मला कळव," डोरोथी घोडीला गाडीत चढवत म्हणाली. "घोडीचं मी बघेन कुठेतरी. पण शुभा मला न सांगता असं करणारी बाई नव्हती. ते काय झालं तेवढं मला कळू दे."

गाडी फाटकाबाहेर गेली. श्रीरंगने तांबूला आत नेलं. तांबू मुकाट्याने आत गेला.

तांबू शुभाचा. नागपूरच्या कॉलेजात ती जनावरांची डॉक्टर झाली होती, पण लग्न करून अमेरिकेत आली तेव्हा ती पदवी इथे चालेना. मग श्रूजबरीजवळच्या एका घोडेवाल्याकडे तिने लीद उपसण्याचं काम धरलं. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना ते ऐकून काय बोलावं सुचेना. म्हाताऱ्या मालकाने तबेला बंद करताना एक वर्षाचं शिंगरू तिला देऊन टाकलं, तो हा तांबू. त्याच्यासाठी त्यांनी गावाबाहेर चार एकर जागा घेतली. तिथला तबेला अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाचा. गावच्या लायब्ररीत शुभाला त्याच काळातली एक जाहिरात सापडली होती. कुणा शेतकऱ्याने आपला घोडा मोसमभर गावोगाव फिरवायचं ठरवलं होतं. सोमवारी गिरणीपाशी, बुधवारी खानावळीसमोर, शनिवारी चर्चच्या मैदानात. ज्यांना घोडी फळवून घ्यायची असेल त्यांनी आणावी. तिची झेरॉक्स शुभाने स्वयंपाकघरात लावली आणि दर मार्चला त्याच थाटात एक कार्ड लिहून फीड स्टोअरच्या, म्हणजे गावातल्या चारा-चंदीच्या दुकानाच्या, फळ्यावर टोचू लागली. 'तांबू. अंगाने तांबडा, डोक्याने तापट, मनाने सरळ. या मोसमात आपल्या घोडीच्या सेवेस हजर.'

"काय शुभाताई, यंदा किती स्थळं आली तुमच्या मुलाला?" मंडळात अस्मिता दरवर्षी विचारायची.

"पत्रिका जुळत नाहीत गं," शुभा म्हणायची. "मुलगा रागीट आहे."

रागीट होताच. श्रीरंगला त्याने दोनदा चावलं होतं. घोड्याच्या बारा वर्षांत श्रीरंग आपणहून तबेल्याच्या दारापलीकडे क्वचितच गेला असेल.

शुभा जानेवारीत गेली. आजार त्यांना दिवाळीनंतर कळला, त्यानंतर दोन महिने. डिसेंबरात तिला उठवेना, तेव्हा त्याने पहिल्यांदा तांबूला चंदी घातली. तांबूच्या अंगावर थंडीची जाड झूल होती, पोटाखालून पट्टे आवळलेली. श्रीरंग तोंडाकडून जायचा, खांद्याशी थांबायचा, बादली ठेवून मागे यायचा. तांबू चावला नाही. पाय आपटला नाही. जानेवारीच्या शेवटी तो श्रीरंगच्या हातून गाजर खाऊ लागला.

मार्चमध्ये श्रीरंगने ड्रॉवरमधून गेल्या वर्षीचं कार्ड काढलं, साल खोडून नवं घातलं आणि फीड स्टोअरमध्ये लावून आला. क्युपर्टिनोहून रुहीचा फोन आला.

"बाबा, आर यू शुअर? तुम्ही घाबरता त्याला."

"आता नाही घाबरत. तो बदललाय, रुही. आई गेल्यापासून एकदम शांत झालाय. जनावरांना कळतं गं."

रुही फोनवर रडली होती. मंडळातही त्याने हेच सांगितलं, आणि अस्मिताने डोळ्यांना पदर लावला होता. घरात शुभासाठी शोक करणारा आपल्याखेरीज आणखी एक जीव आहे, या एका गोष्टीवर श्रीरंगने हिवाळा काढला होता.

जनावरांच्या डॉक्टर नोरा यांचा दवाखाना पंधरा मिनिटांवर. श्रीरंग हातमोजे न काढताच गाडी चालवत तिथे गेला.

"ऑक्टोबरमध्ये तांबू चार दिवस तुमच्याकडे होता," तो म्हणाला. "मी तेव्हा मुलीकडे गेलो होतो. दातांचं काम होतं ना?"

"दातांचं?" नोराने त्याच्याकडे पाहिलं. मग उठून दार लावून घेतलं. "तिने तुला सांगितलं नाही?"

"नाही."

"वसंतात सांगेन म्हणाली होती. झूल काढायच्या आधी." नोरा थांबली. "तेवढा वेळ मिळेल असं तिला वाटत होतं."

तिने फाइलमधून एक कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. अर्ज शुभाच्या हातचा होता. इंग्रजी अक्षरंसुद्धा ती देवनागरीसारखी सुटी सुटी काढायची. काय करायचं, ते वर लिहिलं होतं. खाली कारणाची जागा होती. तिथे दोन ओळी होत्या.

'माझ्यानंतर जो याला सांभाळेल त्याला घोड्यांचा अनुभव नाही. त्याला इजा होता कामा नये.'

श्रीरंगने त्या वाचल्या. मग खाली सही पाहिली, सहीशेजारची तारीख पाहिली. चौदा ऑगस्ट.

"ही तारीख चुकलीय," तो म्हणाला.

नोराने नकारार्थी मान हलवली.

"ऑपरेशन ऑक्टोबरमध्ये झालं."

"जखमेवर बसणाऱ्या माश्या कमी होईपर्यंत मीच थांबायला सांगितलं होतं. अर्ज ऑगस्टमधलाच आहे."

"आम्हाला तिच्या आजाराचं नोव्हेंबरमध्ये कळलं," श्रीरंग म्हणाला. "दिवाळीनंतर. मी होतो बरोबर. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं."

नोराने पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"श्री, मला वाटलं तुला ठाऊक आहे. ती म्हणाली, घरी सगळ्यांना ठाऊक आहे."

त्याने कागद परत सरकवला. मग पुन्हा स्वतःकडे ओढला. चौदा ऑगस्ट. त्या आठवड्यात कधीतरी, ऑफिसचा कॉल चालू असताना, शुभा दारात उभी राहून म्हणाली होती, पाच मिनिटं ये, दावं कसं घालायचं ते बघून ठेव. मी कधी आजारीबिजारी पडले तर? तो म्हणाला होता, तू कसली आजारी पडतेस. पण गेला होता. मग ती रोजच बोलवू लागली. रोज संध्याकाळी पाच मिनिटं. खांद्याशी उभा राहा. अजून जवळ. घड्याळात बघू नकोस. आणि तो घड्याळात बघायचा.

"डोरोथीची घोडी," तो म्हणाला. "तिला शब्द दिला होता शुभाने."

"मी शुभाला दोनदा आठवण करून दिली. डोरोथीला मी स्वतः सांगेन, म्हणाली." नोराने फाइल मिटली. "पण डोरोथीला सांगायचं तर का ते सांगावं लागलं असतं. आणि डोरोथीला कळलं असतं तर तुला कळायला कितीसा वेळ लागणार होता?"

परतताना तो फीड स्टोअरपाशी थांबला. काउंटरवरच्या माणसाने मान हलवली.

"कोणी आलं का रे घोड्याला?"

"आली होती एक," श्रीरंग म्हणाला.

कार्ड फळ्याच्या मधोमध होतं. खालच्या बाजूला फोन नंबरच्या चिठ्ठ्या कापून ठेवलेल्या, त्यातल्या दोन कोणीतरी फाडून नेल्या होत्या. म्हणजे आणखी दोन घोड्या. त्याने वरची डावी टाचणी काढली, मग उजवी. कार्ड पुढे झुकलं. साल तेवढं त्याच्या हातचं होतं. बाकी सगळं तिचं. अंगाने तांबडा, डोक्याने तापट, मनाने सरळ. त्याने कार्ड अंगठ्याने फळ्यावर दाबून धरलं. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, काही हवंय का. श्रीरंग नाही म्हणाला आणि दोन्ही टाचण्या होत्या तिथे पुन्हा लावल्या.

घरी आला तेव्हा ऊन तबेल्यावरून उतरत होतं. तांबू दारावरून मान बाहेर काढून उभा होता. श्रीरंगने हातमोजे काढून कठड्यावर ठेवले आणि आत गेला. सवयीने खांद्याशी थांबला. मानेवर हात ठेवला. कातडी उबदार होती, खाली नस उडत होती. मग तो एक पाऊल मागे सरकला, आणखी एक सरकला, आणि वाकून पाहिलं. तांबूने शेपटीने एक माशी हाकलली. बाकी काही केलं नाही.

स्वयंपाकघरात शिरला तर फोन वाजत होता.

"बाबा, कसं झालं आज? डोरोथी आंटी आली होती ना? हाऊ इज तांबू?"

भिंतीवर जुनी झेरॉक्स होती. सोमवारी गिरणीपाशी, बुधवारी खानावळीसमोर.

"शांत आहे," श्रीरंग म्हणाला.

"आईला खूप मिस करतोय ना अजून?"

त्याने खुर्ची ओढली, पण बसला नाही.

"हो," तो म्हणाला.

याला आता नऊ दिवस झाले. कार्ड फळ्यावरच आहे. डोरोथीला फोन करायचा राहिला आहे.