आधी तीन रेघा

मी एक जुने व्याकरण आहे, मित्रांनो. घाबरू नका, माझ्यात ना विभक्ती आहे ना समास. मी बावीस नियमांची एक छोटीशी फाईल आहे. कुणी साध्या अक्षरांत, स्वतःच्या खुणा घालून पाने लिहिली असतील, तर त्यातली कुठली ओळ म्हणजे काय, हे मी संगणकाला सांगतो. माझी गोष्टसुद्धा मला नियमातच मांडता येते:

गोष्ट = जन्म, कौतुक, चूक, सुटका
सुटका = सोडलेला श्वास

तर नियमाप्रमाणे पुढे जातो.

\-\-\-

एका हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत एक बॉयलर होता आणि तो सांभाळणारे एक गृहस्थ होते. सकाळी सातला वाफ तयार झाली की ते बॉयलरची शिट्टी वाजवत, म्हणून सगळी लॉन्ड्री त्यांना शिट्टीकाका म्हणे. बॉयलरबद्दल जे जे कळले ते त्यांनी अकरा वर्षे एका बोटाने टाईप करून ठेवले. त्यांच्या जुन्या संगणकात ना ठळक अक्षरे होती ना रंग. मग काकांनी स्वतःच्याच खुणा ठरवल्या. ओळीच्या सुरुवातीला एक रेघ म्हणजे एक पायरी. दोन ताऱ्यांच्या मध्ये लिहिले तर धोका. आणि एक काम संपून दुसरे सुरू झाले की मध्ये नुसत्या तीन रेघा.

काका निवृत्त झाले आणि त्याच महिन्यात त्यांच्या गळ्याचे ऑपरेशन झाले. महिनाभर एक शब्द बोलायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले. काका पाटीवर लिहून बोलू लागले.

"लग्नाला चाळीस वर्षं झाली," काकू, म्हणजे त्यांच्या सुनेच्या सासूबाई, म्हणाल्या, "तोंडातून शब्द काढायला लावायचा तर हात जोडावे लागायचे. आता बोलायचं नाही म्हटल्यावर यांना किती सुचतंय बघा!"

सोमवारपासून बॉयलरवर नवी बाई येणार होती, आणि तिला शिकवायला कुणीच नव्हते. लॉन्ड्रीने भिंतीवर एक स्क्रीन लावला होता. काकांची चारशे बारा पाने त्यावर दिसायला हवी होती, पायऱ्यांना आकडे आणि धोक्याला लाल रंग देऊन. काकांची सून संगणकाचेच काम करायची. ती म्हणाली, "बाबा, हाताने करत बसले तर दिवाळी उजाडेल. मी नियम लिहिते."

आणि जेवणाच्या टेबलावर, भाजीच्या पिशवीशेजारी, माझा जन्म झाला.

\-\-\-

शनिवारी तिने मला चारशे बारा पाने वाचायला दिली. मी धडाधड वाचली. एकदाही अडलो नाही, एकदाही तक्रार केली नाही.

"एकही चूक नाही!" सून ओरडली. "आई, पहिल्या फटक्यात!"

"मग आता जेवून घे," सासूबाई म्हणाल्या.

मित्रांनो, मी फुगून गेलो होतो. अडत नाही तो हुशार, असे मला वाटत होते.

संध्याकाळी नव्या बाईंचा फोन आला. सुनेने तो स्पीकरवर ठेवला. "ताई, एक सांगते," त्या म्हणाल्या, "नव्या जागेत मी डोकं चालवत नाही. स्क्रीनवर असेल तेच करते, त्याच क्रमाने."

"अगदी बिनधास्त करा," सून म्हणाली.

\-\-\-

रविवारी दुपारी काकांनी पाटीवर लिहिले, "मला वाचायचंय." सुनेने पहिली काही पाने छापून दिली. काका चष्मा लावून बसले. सातव्या ओळीपर्यंत मान डोलत होती. मग स्टीलचा पेला टेबलावर इतक्या जोरात आदळला की सासूबाई हातातला झाडू घेऊनच बाहेर आल्या.

त्या पानावर हे होते:

६. काचेत पाणी अर्ध्यावर आहे ना ते बघा.
७. बर्नर पेटवा.
८. खालचा व्हॉल्व्ह उघडून सगळे पाणी काढून टाका.

काकांनी पाटीवर खडू मोडेपर्यंत दाबून लिहिले, "पेटता बॉयलर रिकामा करायचा? बाई मरेल! कोणी लिहिलं हे?"

"बाबा, तुम्हीच लिहिलंय."

काकांनी पाटी पुसली. आता त्यांनी एकही अक्षर लिहिले नाही. फक्त तीन रेघा ओढल्या आणि पाटी सुनेसमोर धरली.

सुनेचा चेहरा पांढरा पडला. तिने काकांचे मूळ पान उघडले. बर्नर पेटवण्याच्या खाली तीन रेघा होत्या. त्यांच्या वर बॉयलर सुरू करायचे काम संपत होते. त्यांच्याखाली महिन्यातून एकदा, थंड बॉयलर धुवायचे काम सुरू होत होते.

तो गुन्हा माझा होता. मी नियम वरून खाली लावून बघतो आणि जो पहिला जुळेल तो घेऊन मोकळा होतो. एका रेघेचा नियम सातवा होता आणि तीन रेघांचा अकरावा. तीन रेघा समोर आल्या की पहिली रेघ दिसताच मी म्हणायचो, ही पायरीच. मग पायरीत मजकूर नाही म्हणून ती गाळून टाकायचो. अकराव्या नियमापर्यंत मी कधी पोहोचलोच नाही. आणि दोन कामे गुपचूप एकमेकांना चिकटत गेली.

सुनेने अकरावा नियम उचलला आणि सातव्याच्या वर ठेवला. एवढेच. मी पुन्हा सगळी पाने वाचली. एकशे त्रेसष्ट ठिकाणी कामे सुटी झाली. तिने ती एकशे त्रेसष्ट ठिकाणे काकांबरोबर एकेक करून तपासली. सासूबाई चहा देत राहिल्या आणि चक्क गप्प बसल्या.

शेवटी सून म्हणाली, "मी त्यांना बिनधास्त करा म्हणाले होते, बाबा."

काकांनी लिहिले, "मग आता ते खरं झालं."

\-\-\-

सोमवारी सकाळी पावणेसातपासून तिघे खिडकीशी उभे होते. लॉन्ड्री दोन गल्ल्या पलीकडे. सात वाजले. सात वाजून पाच मिनिटे झाली. सुनेने नखे खायला सुरुवात केली.

सात वाजून नऊ मिनिटांनी शिट्टी वाजली. लांब, स्वच्छ, आणि शेवटी जरा लाडात आलेली.

काका खुर्चीत बसले. पाटी मांडीवर घेऊन त्यांनी तीन रेघा ओढल्या.

"आता हे काय आणखी?" सासूबाईंनी विचारले.

"काम संपलं म्हणतायत," सून म्हणाली आणि रडता रडता हसू लागली.

\-\-\-

मित्रांनो, आता मला कुणी फारसे उघडत नाही. मध्यंतरी सुनेच्या हाताखालच्या एका नव्या माणसाने माझे नियम आकाराने लहान ते मोठे असे छान लावून ठेवायचे ठरवले होते. पण सुनेने ते बर्नरचे पान माझ्याशेजारी कायमचे ठेवले आहे. मला हात लावला की आधी मला ते पान बरोबर वाचून दाखवावे लागते. लहान म्हणून एक रेघ पुन्हा तीन रेघांच्या वर गेली होती, मी नापास झालो, त्याने मुकाट्याने सगळे होते तसे ठेवले, आणि माझा जीव भांड्यात पडला.

माझे एवढेच मागणे आहे. माझ्यासारखे कुणी तुम्हाला कामात सापडले, तर त्याचे नियम खुशाल बदला, पण त्याच्याशेजारचे पान फेकू नका. आणि न अडता वाचणाऱ्याचे कौतुक करण्याआधी, ज्याने लिहिले त्याला एकदा वाचायला द्या. पेला आदळू द्या त्याला.

\-\-\-