टॅम्राला द्यायचा कागद

शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कागद हातात पडला नाही, तर जोसीला पाठवणार नाही, असं टॅम्राने सोमवारी फोनवर सांगितलं. सांगताना आवाज जराही चढवला नाही. अर्विन क्युबेनाला तिच्या ओरडण्यापेक्षा या न चढणाऱ्या आवाजाचीच धास्ती जास्त. टेक्ससमधल्या वेको शहराच्या आपत्कालीन फोन-केंद्रात ती अकरा वर्षं नोकरी करत होती. कुणाचं घर पेटलेलं, कुणाचा नवरा अंगणात आडवा पडलेला, असे लोक फोनवर किंचाळायचे, आणि ती एवढंच विचारायची, "पत्ता सांगा."

टॅम्रा अर्विनची सून. म्हणजे, होती. मुलगा डेल समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला गेला आणि हळूहळू संसारातूनही गेला. नऊ वर्षांची जोसी आईकडे राहिली, आणि आजोबाच्या वाट्याला उन्हाळ्यातले चारदोन शनिवार आले. त्यातला एक त्याने गेल्या वर्षी नासवला. वाटेत एका जुन्या गिऱ्हाइकाची गाय अडली होती. एकतीस वर्षं गुरांचा खुराक पोचवलेला माणूस, तो थांबला. सहाला परत आणायची पोर साडेनऊला परत आणली, अंगभर शेणामातीत. मधल्या वेळात टॅम्राचा फोन लागला तेव्हा "आहात कुठे?" याला त्याने दिलेलं उत्तर होतं, "ओटोच्या पडक्या कोठारावरून डावीकडे." ओटो वारून वीस वर्षं झाली होती आणि कोठार नकाशात नव्हतं.

तेव्हापासून एकही शनिवार नाही. आता मार्चची शाळेची सुट्टी होती, चार दिवस. टॅम्राची अट एकच: कुठे जाणार, किती वाजता पोचणार, कुठे झोपणार, तिथला फोन, सगळं लिहून द्या.

लिहिण्याचं काम अर्विनच्या थोरल्या बहिणीने, ॲडेलाइनने, न विचारता ताब्यात घेतलं. ती स्वतः सहलीला जाणार नव्हती, त्यामुळे तिला सगळंच माहीत होतं. शुलेनबर्गच्या पेट्रोल पंपावरच्या स्टँडमधून तिने एकूण एक माहितीपत्रक उचलून आणलं आणि बुधवारी सकाळी अर्विनच्या टेबलावर खसखस भरलेल्या गोड पावांच्या, कोलाचेंच्या, ताटाभोवती पसरलं. प्राणिसंग्रहालयं, गाडीतून हिंडायच्या सफारी, गुहा, सापांचं घर, डायनोसॉरची पावलं आणि सेगीनचा भला थोरला सिमेंटचा पेकन, अक्रोडाचा भाऊबंद.

"पेकन कशाला?" अर्विन म्हणाला.

"वाटेत आहे."

"कुठल्या वाटेत? डायनोसॉर वर ग्लेन रोजला, पेकन खाली सेगीनला. मधे अख्खं टेक्सस पडलंय."

"तू एकतीस वर्षं ट्रक हाकलास ना? मग हाक की."

दुपारपर्यंत आराखड्याच्या चार आवृत्त्या झाल्या. पहिलीत शनिवार दोनदा आला. दुसरीत सोमवारी एकाच वेळी ते गुहेतही होते आणि जिराफाला पाला भरवतही होते. तिसरीत झोपायची सोय नव्हती. चौथीत ॲडेलाइनने सापांचं घर खोडलं, अर्विनने ते परत घातलं, तिने पुन्हा खोडलं, आणि तेवढ्यात कागद फाटला.

"तिला काय आवडतं ते तरी सांग," ॲडेलाइन म्हणाली.

"जनावरं."

"कुठली?"

"जिराफ," अर्विन ठामपणे म्हणाला. "जिराफ पाहिला की ती टाळ्या पिटते."

हे त्याने पाहिलं होतं तेव्हा जोसी सहा वर्षांची होती. पण कागदावर वय लिहायचा रकाना नव्हता.

तेव्हा मुख्य गोष्ट जिराफ ठरली. शनिवारी थ्री ओक्स सफारी, गाडीच्या काचेतून भरवायचं; तेवढा निरोप त्याने जोसीसाठी टॅम्राच्या फोनवर ठेवलाही. रविवारसाठी मात्र काही जमेना, कारण जिथे तिथे सुट्टीची गर्दी. शेवटी ॲडेलाइनने ढिगातून एक हिरवं पत्रक ओढलं. ड्राय फोर्क रँच, कर्व्हिलच्या पलीकडे. वर चितळांचा झकास कळप, खाली लिहिलेलं: राहण्याच्या खोल्या, अनुभवी गाईड, बारा जातींची हरणं, वर्षभर खुलं.

"बघ, वर्षभर खुलं. लाव फोन."

अर्विनचा उजवा कान कामातून गेलेला आणि डाव्या कानाशी ॲडेलाइन बसलेली. त्या स्थितीत फोन लागला. पलीकडे लॉइड टीग नावाचा माणूस होता, आवाज खडीसारखा.

"रविवारी जागा आहे, सर. किती जण?"

"दोघं. मी आणि नात. नऊ वर्षांची."

"झकास वय. काय पाहिजे, चितळ की काळवीट?"

"दोन्ही."

"दोन्हीचे पैसे वेगळे पडतील, सर. पहिल्यांदाच येताय तर चितळाची मादी घ्या. मादी स्वस्त."

अर्विनने फोनवर हात ठेवला. "मादी स्वस्त म्हणतोय."

"बरोबरच आहे," ॲडेलाइन म्हणाली. "शिंगं नसतात. बघायला कमी."

"एक मादी," अर्विन फोनवर म्हणाला. "पण एकच का? कळप नाही का?"

मग टीग म्हणाला, "कळप असतो, सर. पण माणशी एकच बरं. बाकीच्या जातात पळून."

"लाजाळू आहेत," अर्विनने बहिणीला सांगितलं.

"साडेसहाला तयार राहा, उजाडायच्या आधी. गडद कपडे. बोलायचं नाही. गाईड बरोबर असेल. सामान तुमचं आणणार की आमचं देऊ?"

अर्विनकडे दुर्बीण होती, पण जुनी. "तुमचं द्या."

"नातीच्या मापाचं आहे आमच्याकडे. कागदपत्रं मेलवर पाठवतो."

अर्विनला मेल नव्हती. टॅम्राला सगळं लेखी हवंच होतं, तर त्याने टॅम्राचीच दिली, आणि आपण पहिल्यांदाच एक काम चोख केलं म्हणून स्वतःवर खूश होऊन एक कोलाचे जास्त खाल्ला.

आता इथे वाचकाला वाटेल, जन्मभर त्या मुलखात राहिलेल्या माणसाला एवढंही कळू नये? पण अर्विन त्या मुलखात राहिला होता म्हणूनच त्याला कळलं नाही. त्याच्या गावात शिकार म्हणजे नोव्हेंबर. नोव्हेंबरात लोक आपापल्या रानात, आपापल्या मचाणावर, आपल्याच देशचं हरीण मारणार. मार्चमध्ये हरणावर गोळी झाडत नाहीत, हे त्याला बायबलातल्या दहा आज्ञांइतकं पाठ होतं. आणि हरीण मारायला कुणाला पैसे द्यायचे, ही कल्पना तर शेजाऱ्याला पैसे देऊन स्वतःच्या घरी जेवायला बसण्यासारखी. चितळ, काळवीट ही बाहेरून आणलेली जनावरं. त्यांना ना हंगाम, ना बंदी, आणि डोंगराळ भागातले निम्मे रँच त्यावरच चालतात, हे ऐकून त्याला माहीत होतं. पण ऐकलेलं आणि पाठ असलेलं यांची डोक्यात गाठच पडली नाही.

गुरुवारी संध्याकाळी पाचला टॅम्राचा फोन आला. ॲडेलाइन पाचव्या आवृत्तीवर जिराफाचं चित्र काढत होती.

"अर्विन," टॅम्रा म्हणाली. पूर्वी ती डॅड म्हणायची. "तुम्ही रँचकडून पाठवलेली मेल मी तीनदा वाचली."

"हो का?" अर्विन खुर्चीच्या टोकाला आला. "काही राहिलं का?"

"काहीच राहिलं नाही. तेच म्हणतेय. फाटकाच्या कुलपाचा आकडा आहे. खोलीचा नंबर. गाईडचं नाव, त्याला प्रथमोपचार येतात तेही. हॉस्पिटल अठरा मैल. मी रोज ज्यांच्याकडून हे काढून घेते ना, त्यांनी तुमच्याकडून शिकावं." मग तिने विचारलं, "पण तुम्हाला कुणी सांगितलं, तिने कोर्स केलाय ते?"

"कसला कोर्स?"

"शिकारीचा. जानेवारीत. नऊ पूर्ण झाल्याशिवाय बसू देत नाहीत. शंभरपैकी ब्याण्णव मिळाले. तेव्हापासून माझं डोकं खातेय, कोण नेणार, कोण नेणार. तिच्या बापाचं तर तुम्हाला माहीतच आहे. माझ्या बाबांचे गुडघे गेले. आणि तुम्ही गुपचूप ठरवून मोकळे! मांस पाव-पाव किलोच्या पाकिटात बांधून देतात, ते बरं झालं. माझा फ्रीज लहान आहे."

अर्विनने टेबलावर पाहिलं. हिरव्या पत्रकावरचा चितळांचा कळप त्याच्याकडे बघत होता. मादी स्वस्त. सामान नातीच्या मापाचं. बाकीच्या जातात पळून. सगळं एकेक करून जागेवर बसलं.

"काय झालं?" ॲडेलाइनने खुणेने विचारलं.

त्याने हात हलवला. चार दिवस त्याच्या खिशात होते. काही न बोलता "हो" म्हणायचं, बस्स. नऊ महिन्यांत टॅम्रा त्याच्याशी एवढं बोलली नव्हती, आणि चांगलं तर नाहीच नाही. पण ती शाबासकी ज्या अर्विनला देत होती तो त्या टेबलाशी नव्हताच, आणि रविवारी उजाडायच्या आधी हे उघडं पडणारच होतं. तेही पोरीसमोर.

"टॅम्रा," तो म्हणाला, "मी चुकलो. मला वाटलं, दाखवतात."

"काय दाखवतात?"

"हरणं."



"म्हणजे," टॅम्रा म्हणाली, न चढणाऱ्या आवाजात, "तुम्ही माझ्या मुलीला उजाडायच्या आधी शिकारीच्या रानात फिरायला नेणार होता. कॅमेरा घेऊन."

"दुर्बीण."

"दुर्बीण. आणि त्याने मादी म्हटल्यावर तुम्हाला काय वाटलं?"

"शिंगं नसतात म्हणून तिकीट कमी असेल."

यावर पलीकडून जो आवाज आला तो ओळखायला अर्विनला वेळ लागला. टॅम्रा हसत होती. हसता हसता तिने कुणाला तरी हाक मारली, आणि फोनवर जोसी आली.

"पॉपॉ, जिराफ रद्द?"

"तुला जिराफ पाहिजे?" अर्विनला हायसं वाटलं. "बघ, मग रविवारचं ते मी काढूनच टाकतो."

"का पण? शनिवारी जिराफाला भरवू. रविवारी चितळ मारू."

"अगं, एक दिवस भरवायचं आणि दुसऱ्या दिवशी..."

"जिराफाला नाही मारायचं, पॉपॉ." ती हळू बोलत होती, म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तसं. "चितळाला."

"सफारीतही चितळ असतात. गाडीपाशी येतात. तुझ्या हातातून खातात."

"मग त्यांनाही भरवू. ते वेगळे."

जन्मभर अर्विनने गुरांना खुराक पोचवला होता, आणि ती गुरं पुढे कुठे जातात हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तरी या हिशेबात कुठेतरी चूक आहे असं त्याला वाटत होतं. पण बोट ठेवावं तिथे पोरगी बरोबरच निघत होती.

"तुला भीती नाही वाटत?" त्याने विचारलं.

"वाटते की." आता तिचा आवाज लहान झाला. "गोळी नीट लागली नाही तर ते तसंच पळतं. मग शोधत जावं लागतं, सापडेपर्यंत. कोर्समध्ये सांगितलंय. तुम्ही शेजारी बसाल ना?"

"मला बंदुकीतलं फारसं कळत नाही, जोसी."

"तुम्ही नुसतं बसायचं."

"बसेन," तो म्हणाला.

फोन पुन्हा टॅम्राकडे गेला. "ऐकलंत? मग उरलेल्या तीन दिवसांचंही त्या टीगसारखं लिहून पाठवा. उद्या बारा." आणि फोन ठेवण्याआधी, "खरं सांगितलंत ते बरं केलंत."

शुक्रवारी सकाळी ॲडेलाइनने सहावी आणि शेवटची आवृत्ती मोठ्याने वाचली. "शनिवार, चितळाला खाऊ. रविवार, चितळाला गोळी. सोमवार, पेकन. मंगळवार, घरी. हे कुठल्या डोक्यातून आलं म्हणायचं?"

"जोसीच्या."

"मग सापांचं घर तरी कशाला काढलंस?"

"मी नाही, तू काढलंस."

साडेअकराला ॲडेलाइनच्या फोनवरून कागदाचा फोटो टॅम्राला गेला. सात मिनिटांत उत्तर आलं: उद्या सकाळी सातला या, ती तयार असेल. अर्विनने ते दोनदा वाचलं. आनंद झाला होता, यात शंका नव्हती. पण आनंदाच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं होतं. त्याला नाव सापडेना. तो टोपी घालून बाहेर पडला.

चौकातल्या शिकारीच्या दुकानात तो आजवर फक्त खुराकाची पोती उतरवायला गेला होता. काउंटरवरच्या मुलीने त्याला ओळखलं आणि भुवया उंचावल्या.

"मिस्टर क्युबेना! तुम्ही?"

"गोळीच्या आवाजाने कानठळ्या बसू नयेत म्हणून कानावर लावतात ना, ते दे. नातीसाठी."

"मुलांच्यात दोन मापं आहेत. केवढी आहे मुलगी?"

अर्विनने तळवा मांडीपाशी धरला. मग तो तिथेच थांबला, हाताकडे बघत. हात कमरेपर्यंत वर नेला. कमरेच्या जरा वर नेला. काउंटरवरची मुलगी दोन्ही मापांची खोकी हातात धरून वाट बघत होती.

"दोन्ही दे," तो म्हणाला. "उद्या बघून सांगतो."