चुंबकावरची धूळ

सासऱ्यांचं हृदय नाजूक, त्यात सतत धाप. मोकळी हवा मिळावी म्हणून आम्ही त्यांची खाट खिडकीशी सरकवली. समोरच लोखंड ओतण्याचा कारखाना.

मी घरीच शिवणकाम करते. काल खिडकीच्या कट्ट्यावर टाचण्या सांडल्या, म्हणून चुंबक फिरवला. टाचण्यांबरोबर काळी धूळ चिकटून आली, केसांसारखी ताठ उभी.

नवरा म्हणाला, "पुसत नाहीस का?"

"सकाळीच पुसलंय. कट्ट्याला फडकं आहे, फुप्फुसाला कुठलं आणू? डॉक्टर सांगत होते ना, ही धूळ रक्तात उतरते, हृदयालाही सोडत नाही!"

मी तडक खिडकी लावायला गेले. सासऱ्यांनी माझा हात धरला.

"राहू दे गं सूनबाई. या हवेवरच तर तग धरून आहे."