घासून गेलेला रिसेप्टर

यंत्राच्या पडद्यावरची आलेखाची टेकडी काही जागची हलेना. अँटिबॉडीनं लढाऊ पेशींच्या अंगावरचा तो एक रिसेप्टर, म्हणजे पकडायचा खुंटा, धरला की पेशी चमकणार आणि टेकडी उजवीकडे सरकणार, या आशेवर प्रयोगशाळेतल्या ताईनं अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी डोळ्यांत तेल घालून वाढवल्या होत्या.

"ही अँटिबॉडी काही धरत नाही," सर म्हणाले. "पेशी वाढवायला हा इन्क्युबेटर दुसऱ्यांना हवाय. तुमच्या पेशींचा फ्लास्क टाकून द्या."

तिनं फ्लास्क टाकायला बाहेर काढला. तेवढ्यात फोन थरथरला. पाळणाघर!

"काय झालं, मावशी? ताप?"

"ताप कसला! पोरगी मजेत आहे. डब्यावरचं नाव पार गेलंय, म्हणून विचारते, हा तुमचाच ना? इतका घासता कशाला हो?"

"जंतू राहतात ना..."

"जंतूंबरोबर नावही गेलं की!"

ती हसली आणि हसता हसता थबकली. फोन ठेवून ती गर्रकन शेजारच्या लंबूटांग सहकाऱ्याकडे वळली.

"उंट्या, उंदराच्या प्लीहेतल्या लढाऊ पेशी सुट्या कशा केल्यास?"

"पेशींमधले धागे कापणाऱ्या नव्या एन्झाइमनं. मोत्यासारख्या सुटल्या, ताई!"

"अरे शहाण्या, त्यानं वरचे रिसेप्टरही छाटले असतील! धरायला काही उरलंच नाही, तर ती बिचारी धरणार काय?"

उंट्यानं जीभ चावली. सरांनी भुवया उंचावल्या. "आणखी एकदाच करून बघा हं. मग माझा नाइलाज आहे."

या वेळी एन्झाइम नाही. तिनं प्लीहा जाळीवर हलक्या हातानं चोळून पेशी गाळल्या. फुकटचा आनंद नको म्हणून, ज्या उंदरांत तो रिसेप्टर नसतोच त्यांच्याही पेशी घेतल्या.

आधी त्याच अँटिबॉडी घालून यंत्राला लावल्या. टेकडी डावीकडे, ढिम्म.

"शाब्बास, तशीच बस," ती पुटपुटली.

मग रिसेप्टरवाल्या पेशींची खरी नळी. एक ठिपका उजवीकडे पडला, मग चार, मग नुसती झुंबड! बघता बघता उजवीकडे नवी टेकडी उभी राहिली.

"सरकली! ताई, सरकली!" उंट्या स्टुलावरून पडता पडता वाचला.

सर चष्मा पुसून पुन्हा वाकले. मग त्यांनी टाकायला काढलेला फ्लास्क उचलला आणि स्वतःच्या हातानं इन्क्युबेटरमध्ये परत ठेवला.

"दुसऱ्यांना सांगा, थांबा म्हणावं."

"सर, दार हळू लावा," पोरगी निजलेली असतानाच्या घरच्या सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं.

आणि सरांनी खरंच, श्वास रोखून, आवाज न करता दार लावलं.