मंडळाच्या कानावर

कुणाला तरी विचारल्याशिवाय कुंदाला काही करता येत नसे. कांजूरमार्गच्या त्या चाळीत तिच्या गावच्या माणसांचा रिवाजच तसा होता: लग्न असो, भांडण असो, पोलीस असोत, विषय आधी ग्रामस्थ मंडळाच्या कानावर घालायचा. नवऱ्याच्या ऑपरेशनला साठ हजार लागले तेव्हा ती गेली तीही मंडळाच्या खजिनदाराकडे, नंदकिशोरकडे. त्याने शेकडा दहा रुपये महिना व्याज लावलं, खोलीचे कागद ठेवून घेतले आणि कोऱ्या स्टॅम्पपेपरवर तिची सही घेतली. नवरा काही वाचला नाही. व्याज मात्र ठणठणीत राहिलं.

दोन वर्षांत सव्वा लाख देऊन झाल्यावर तिने भीतभीत पावती मागितली.

“गाववाल्याकडे पावती मागतंस? लाज नाय वाटत?” नंदकिशोर चारचौघांत ओरडला.

आणि या बयेला खरंच लाज वाटली! आठ दिवस ती कुणाच्या नजरेला नजर देईना.

तिच्या बहिणीची मुलगी अक्षता एका वकिलाकडे टायपिंग करायची. ती भडकलीच. “मावशी, लायसन आहे का त्याच्याकडे? पावती नाही, कोऱ्या कागदावर सही, घराचे कागद कपाटात. बेकायदा सावकारी म्हणतात याला. चल, तक्रार करू.” तिने सहकार खात्याच्या उपनिबंधकांच्या नावाने अर्ज लिहून काढला. “फक्त धाड पडेपर्यंत कुणाला बोलू नकोस हां. नाहीतर वाट लागली समज.”

कुंदाने मान डोलावली. अर्ज दिला त्याच संध्याकाळी ती मंडळाच्या सचिवांच्या दारात उभी होती. अनिरुद्ध सर म्हणजे रिटायर मास्तर, देवमाणूस. मंडळाची सगळी निमंत्रणं त्यांच्याच हातची. नवऱ्याच्या तेराव्याची चिठ्ठीही त्यांनीच लिहिली होती, टपोऱ्या अक्षरांत, प्रत्येक ओळीखाली बारीक रेघ मारून. ती चिठ्ठी कुंदाने देवाच्या फोटोमागे जपून ठेवली होती.

“सर, आधी तुमच्या कानार घालूक इलंय,” ती म्हणाली.

सरांनी सगळं ऐकलं, चहा पाजला. “बरां केलंस सांगितलंस. घाबरू नको. मी आसंय मां.”

त्या रात्री ती किती दिवसांनी शांत झोपली.

मंगळवारी अधिकारी पंचांना घेऊन आले. नंदकिशोरने हसतमुखाने कपाट उघडून दिलं. आत सत्यनारायणाचा चौरंग, समया आणि मंडळाची वर्गणीबुकं. बाकी काही नाही. शेजाऱ्यांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही, आणि त्यांतल्या निम्म्यांचे कागद कालपर्यंत त्याच कपाटात होते.

पंधरा दिवसांनी नोटीस आली. कुंदाने खोली नंदकिशोरला विकली आहे, महिन्याभरात रिकामी करावी. सोबत स्टॅम्पपेपरची झेरॉक्स होती. खाली तिची सही. वर हाताने लिहिलेला मजकूर, टपोऱ्या अक्षरांत, प्रत्येक ओळीखाली बारीक रेघ.

अक्षता झेरॉक्स वाचत होती. “मावशी, खरं सांग, कुणाला बोलली होतीस?”

कुंदा उठली. देवाच्या फोटोमागची चिठ्ठी काढून तिने झेरॉक्सशेजारी ठेवली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला एखाद्या माणसाची किळस आली.

“ह्यां अक्षर जुळवून बघ,” ती म्हणाली. “आणि आता पोलिसांकडे अर्ज लिही. नंदकिशोरच्या आधी सरांचां नाव घाल.”

“नक्की ना? मंडळात...”

“लिही,” कुंदा म्हणाली. “माका कोणाक विचारूचां नाय.”