आजोबागाडी

छत्तीस वर्षं ज्या माणसानं गावोगावचे रस्ते सपाट केले, त्याच्या स्वतःच्या दारातला रस्ता असा होता की कुत्रंसुद्धा बघून पाऊल टाकायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. घर चढाच्या मध्यावर. वर पाण्याची टाकी, खाली वळणावर कुणीतरी बांधकामासाठी आणून टाकलेला आणि मग विसरून गेलेला वाळूचा ढीग. टाकीपासून ढिगापर्यंत नुसते धोंडे, खाचा आणि उघडी पडलेली खडी. आजोबा जन्मभर रोड रोलर चालवून नुकतेच निवृत्त झाले होते. गल्लीतले लोक त्यांना रोलरवाले म्हणत, रस्त्याकडे बघत आणि हसत. ते हसणं आजोबांना अंमळ जास्तच लागायचं.

पण सध्या त्यांना त्याहून मोठी चिंता होती, आणि ती सात किलो दोनशे ग्रॅमची होती.

ही त्यांची सात महिन्यांची नात. नाक एवढंसं, म्हणून सगळे तिला बटण म्हणत. बटणाची आई, म्हणजे आजोबांची लेक, दवाखान्यात एक्स-रे काढायची. तिची रजा संपत आली होती, सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. जावई दुसऱ्या शहरात नोकरीला, महिन्यातून दोन दिवस उगवायचा. मग दिवसभर बटणाला बघणार कोण? आजोबा म्हणत होते मी, लेक म्हणत होती पाळणाघर. पाळणाघराचा अर्ज टेबलावर भरून पडला होता, फक्त सही राहिली होती. आजोबा रोज चहाचा कप मुद्दाम त्या अर्जावर ठेवायचे.

"तुम्ही जिवापाड सांभाळाल, ते मला माहीत आहे बाबा," लेक म्हणाली. "पण बटण दहा वाजता झोपतं ते फक्त बाबागाडीत, आणि फिरवलं तरच. आपली गाडी या रस्त्यावर दहा पावलं जात नाही. मग ते रडणार, तुमची पाचावर धारण बसणार आणि तुम्ही मला फोन करणार. मी तिकडे कुणाचा तरी मोडका हात धरून उभी असणार."

खोटं काहीच नव्हतं त्यात. जुनी बाबागाडी कुणीतरी भेट दिलेली. चार चाकं, एकेक बशीएवढं. पहिल्याच खाचेत तिनं मान टाकली होती.

"नवी आणतो. धोंड्यांवरून पाण्यासारखी जाईल अशी आणतो."

"तिला बाबागाडी म्हणतात, आजोबागाडी नाही. ढकलायला जमेल ना?"

"अगं, अकरा टन ढकललेत मी."

"ढकलले नाहीत, वर बसून चालवलेत."

लेकीनंच मग तोडगा काढला. रविवारी गाडी घेऊन टाकीपर्यंत जायचं आणि परत दारात यायचं. धड आले तर अर्ज फाडून टाकायचा, नाहीतर सही.

शनिवारी सकाळी आजोबा जुनी गाडी ढकलत, तिचं चाक खाचेत गेलं की उचलत, शिव्या घालत, लहान मुलांच्या सामानाच्या दुकानात पोचले. दुकानातल्या ताई लगबगीनं पुढे आल्या. गाडीत टोपडं घातलेलं काहीतरी गोल दिसलं. "अगं बाई, किती गोड," म्हणत त्या वाकल्या आणि तशाच वाकलेल्या राहिल्या. टोपड्यात कलिंगड होतं.

"सात किलो दोनशे," आजोबा म्हणाले. "नातीच्या वजनाचं शोधायला बाजार पालथा घातला. डोक्यावर केस दोघांच्याही नाहीत. गाडी रिकामी चालवून काय कळणार?"

कलिंगडाखाली गोणपाटाची पिशवी होती. तिच्यात काय आहे ते ताईंना लौकरच कळलं, कारण आजोबांनी ती त्यांच्या चकचकीत फरशीवर ओतली. खडी होती. चांगली चाळीस एमएमची.

"काका, अहो, हे काय करताय?"

"तुमच्या फरशीवर तर आमची लंगडी गाडीही चालते."

ताई मुळात धंद्याच्या पक्क्या. झाडूकडे गेलेला हात त्यांनी आवरला आणि गाड्या दाखवायला लागल्या. पहिली चार चाकांची निघाली. खडीवर दोन चाकं चढली, दोन अधांतरी राहिली आणि कलिंगड हिंदकळलं. दुसरी चांगली होती, पण तिचं पुढचं चाक गरगर फिरणारं. खडी लागली की ते आडवं व्हायचं. मग ताईंनी कोपऱ्यातून तिसरी आणली. पुढे एक चाक, मागे दोन मोठी, तिन्हींत हवा भरलेली, खाली स्प्रिंगा.

आजोबांचा चेहराच उजळला. त्यांचा रोलरही तीन चाकांचा होता, पुढे एक, मागे दोन. छत्तीस वर्षं ज्याच्यावर काढली त्याचंच हे पिल्लू समोर उभं होतं. लगेच त्यांना सगळं कळायला लागलं, आणि माणसाला सगळं कळायला लागलं की दुकानदारानं सावध व्हावं.

"वजन किती?"

"अकरा किलो."

"अकरा," आजोबा मान डोलवत म्हणाले. "आकडा बरोबर आहे. मागे घेताना भोंगा वाजतो का?"

"नाही काका."

"मागे कुणी उभं असलं तर?"

"तर तुम्हालाच दिसेल. तुम्ही मागेच असता."

आजोबांनी विचार केला आणि हे पटल्याचं कबूल केलं. ताईंनी मग शहाण्या माणसाला सांगावं तसं सांगितलं. खडबडीत रस्त्यावर पुढचं चाक सरळ ठेवून खटका लावायचा, फरशीवर तेवढा काढायचा. हवा अगदी टणक भरायची नाही. बाळाचे पाचही पट्टे लावायचे, दोन लावून तीन लोंबत ठेवायचे नाहीत. हाताशी ब्रेक आहे. शेवटी त्यांनी दांड्याला अडकवलेली एक लाल पट्टी दाखवली.

"ही मनगटात घालायची. उतारावर हात सुटला तरी गाडी सुटत नाही."

"ताई," आजोबा म्हणाले, "छत्तीस वर्षांत या हातांतून गाडी सुटलेली नाही." त्यांनी पट्टी नीट गुंडाळून दांड्याला रबर लावून ठेवली, टोपड्याची गाठ घट्ट केली आणि खडी स्वतः झाडून भरून घेतली. नव्या गाडीत कलिंगड आणि जुन्या गाडीत खडी अशी वरात घरी आली.

रविवारी दहा वाजता लेक बटणाला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. पहिली फेरी कलिंगडाची, असं तिनं ठणकावून सांगितलं होतं. आजोबांना त्याचा थोडा रागच आला होता, पण त्यांनी पाचही पट्टे लावले, खटका लावला आणि चढायला लागले.

काय गाडी होती. धोंडा आला की पुढचं चाक अलगद वर, मग खाली, आणि कलिंगड ढिम्म. लोक दारात आले. आजोबा इकडेतिकडे न बघता, छाती काढून, रोलरच्या वेगानं चालत होते, म्हणजे गोगलगाय पुढे जाईल इतकं हळू. आपला विजय त्यांना समोर दिसत होता. संध्याकाळी तो अर्ज ते स्वतः फाडणार होते, आठ तुकडे करून.

टाकीच्या कट्ट्यावर मुकादम ऊन खात बसले होते. दोघांनी एकत्र कितीतरी रस्ते केलेले. आजोबांनी गाडी वळवून तोंड खाली केलं, तेवढ्यात मुकादम म्हणाले, "काय रोलरवाले, नवं मशीन?"

आता रोलरचं एक असतं. दांडा मध्यावर आणून हात काढला की ते अकरा टनांचं धूड जागच्या जागी बसतं. छत्तीस वर्षं आजोबांनी रस्त्यात कुणी भेटलं की हेच केलं होतं: दांडा मागे, हात मोकळे, दोन्ही हात वर, आणि मग गप्पा. डोकं निवृत्त झालं होतं, हातांना कुणी कळवलं नव्हतं. आजोबांनी बाबागाडीचा दांडा किंचित मागे ओढला, सोडला आणि दोन्ही हात वर करून म्हणाले, "या, बघा तरी."

मुकादमांनी बघितलं. गाडी निघाली होती.

पुढचं चाक सरळ, खटका लावलेला, हवा बेताची. ताईंनी सांगितलेलं सगळं अगदी खरं ठरत होतं. धोंड्यांवरून, खाचांवरून, खडीवरून ती पाण्यासारखी खाली गेली. आजोबा मागे धावत होते, त्यांच्यामागे मुकादम, कशाला ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. गाडी घरासमोरून गेली तेव्हा लेकीनं बटणाला छातीशी घट्ट धरलं. टोपडं घातलेलं कलिंगड तिच्यासमोरून शांतपणे पुढे गेलं, वळणावर वाळूच्या ढिगात शिरलं आणि थांबलं.

आजोबा मागोमाग पोचले. त्यांनी टोपडं काढून बघितलं. साधा ओरखडासुद्धा नव्हता.

"गाडी पास," मागून लेक म्हणाली. "चालक नापास."

घरात आल्यावर ती थेट अर्जाकडे गेली. टेबलापाशी बसली, पेन उघडलं. आजोबा समोर उभे राहिले. एरवी त्यांनी शंभर सबबी सांगितल्या असत्या, मुकादमाच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. पण त्या टोपड्यात दुसरं डोकं असतं तर, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं.

"कर सही," ते म्हणाले. "मी तुझ्या जागी असतो तर केलीच असती. मलाच माझी भीती वाटली गं."

लेकीनं मान वर करून बघितलं. बापाला भीती वाटते हे तिनं त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं होतं.

"जित्याची खोड, बाबा," ती हळूच म्हणाली. "तुम्ही तरी काय करणार."

ही म्हण पुरी कशी होते ते आजोबांना ठाऊक होतं, आणि तेवढ्यासाठी मरायची त्यांची तयारी नव्हती. ते वळले, बाहेर गेले, कलिंगडाला पुन्हा टोपडं घातलं, पाच पट्टे लावले, रबर काढून लाल पट्टी मनगटात घातली आणि चढायला लागले.

त्यांनी मुकादमांना कामाला लावलं. मुकादमांनी कट्ट्यावरून कधीही हाक मारायची, आजोबांनी दांडा सोडायचा नाही, फक्त मान हलवायची. पहिल्या फेरीला हात सुटले, पट्टीनं गाडी धरली. दुसऱ्या फेरीला एक सुटला. पाचव्या फेरीपासून गल्लीतले लोकही हाका मारायला लागले, कारण फुकटची करमणूक कोण सोडतो. "ओ रोलरवाले, बाळ कुणावर गेलंय?" आजोबा मान हलवायचे. "रंग तुमचाच आहे हो." मान. ऊन चढलं, उतरलं. बाराव्या फेरीनंतर हात एकदाही सुटले नाहीत, तरी त्यांनी छत्तीस फेऱ्या केल्या. वर्षाला एक, असा त्यांचा हिशोब होता.

लेक खिडकीतून सगळं बघत होती. घरात दहापासून न झोपलेलं बटण डोळे चोळत किरकिरत होतं. छत्तिसाव्या फेरीला आजोबा दारासमोर आले तेव्हा ती बाहेर आली. तिनं पट्टे सोडले, कलिंगड पायरीवर ठेवलं आणि त्या जागी बटणाला बसवलं. पाचही पट्टे स्वतः लावले. मग बापाच्या मनगटातली लाल पट्टी दोनदा ओढून बघितली.

"चला," ती म्हणाली.

आजोबांनी दांडा दोन्ही हातांनी धरला. ते चालायला लागले, लेक चार पावलं मागे. निम्म्या चढावर बटणाची किरकिर थांबली. टाकीपाशी मुकादमांनी हाक मारली, आजोबांनी मान हलवली. गाडी वळली, उतार सुरू झाला. आणि ऐन उतारावर, सगळ्यात मोठ्या धोंड्यापाशी, लेकीनं मागून एकदम आवाज दिला, "बाबा, इकडे बघा."

आजोबांनी बघितलं नाही. दोन्ही हात दांड्यावर होते. "घरी गेल्यावर बघतो," ते पुटपुटले, "हे झोपलंय."

घरी आल्यावर लेकीला कलिंगड कापायची हुक्की आली. आजोबांना सुरी लावताना बघवेना. एका दिवसात बरीच माया जडली होती. पण ते पुरतं लालबुंद निघालं आणि त्यांची माया पातळ झाली. रस टेबलावर ओघळू नये म्हणून लेकीनं खाली कागद अंथरला होता. आजोबांनी तो वाकून वाचला. पाळणाघराचा अर्ज होता, सहीच्या जागी दोन बिया पडल्या होत्या.

"उजव्या हातानं खा की बाबा," लेक म्हणाली.

आजोबांनी नुसती मान हलवली. उजव्या मनगटात लाल पट्टी होती, पट्टीच्या टोकाला गाडी होती आणि गाडीत बटण गाढ झोपलं होतं. त्यांनी दुसरी फोडही डाव्या हातानंच घेतली.